इंटरल्युकिन-२ : कुपीतील वजन आणि प्रत्यक्ष कार्य

उत्तेजित केलेल्या मानवी लिम्फोसाइट पेशी ज्या द्रवात वाढवल्या, त्या द्रवाच्या बळावर टी-पेशी शरीराबाहेर दीर्घकाळ जगवता येतात, हे मॉर्गन, रसेटी आणि गॅलो यांनी १९७६ साली दाखवून दिले. तो द्रव अनेक प्रथिनांचे मिश्रण होता, त्यामुळे दिसलेला परिणाम नेमका कोणाचा हे सांगणे अवघड होते. १९८३ मध्ये जपानमधील तानिगुची यांच्या गटाने त्यातील इंटरल्युकिन-२ या प्रथिनाचा डीएनए क्लोन केला आणि हे मानवी प्रथिन जिवाणूंकडून घडवून घेण्याची वाट खुली झाली. मिश्रणाची अडचण मिटली. पण कुपीतील प्रथिन किती आणि त्यातले काम करणारे किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत याचा विसर मात्र आजही सर्रास पडतो.

वेगळे का, ते निर्मितीतच दिसते. परिपक्व रेणूत १३३ अमिनो आम्ले असतात आणि त्याचे वजन सुमारे १५.५ किलोडाल्टन भरते. ५८ आणि १०५ या स्थानांवरील सिस्टीनांमध्ये डायसल्फाइड बंध असतो; १२५ व्या स्थानावरचे सिस्टीन मोकळे राहते. ई. कोलायच्या पेशीत हे प्रथिन नीट घडी न पडता गोळा होऊन साचते. ते ग्वानिडीन किंवा युरियाने उलगडून त्याची पुन्हा घडी पाडावी लागते, आणि त्या वेळी मोकळे सिस्टीन भलत्याच ठिकाणी बंध जोडू शकते. म्हणून अनेकदा तिथे सेरीन बसवतात. १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगावर मान्यता मिळालेल्या आल्डेसल्युकिन या औषधातही हाच बदल आहे. नैसर्गिक रेणूवर आढळणारी शर्करा जिवाणू जोडत नाहीत, पण तिच्यावाचून कार्य अडत नाही.

चुकीची घडी पडलेल्या रेणूचे वजन योग्य रेणूइतकेच असते. तेव्हा ‘९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध’ या शब्दांवरून कार्यक्षमतेचा अंदाज बांधू नये. ती मोजायची तर सीटीएलएल-२ हे उंदराच्या टी-पेशींचे वाण लागते. या पेशी इंटरल्युकिन-२ वाचून जगत नाहीत, आणि मानवी प्रथिनही त्यांना चालते. त्यांची निम्मी कमाल वाढ दर मिलिलिटर ०.१ नॅनोग्रॅमला झाली, तर कार्यक्षमता दर मिलिग्रॅम एक कोटी एकके धरतात. ही एकके मात्र त्या त्या प्रयोगशाळेची असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण नमुन्याशी पडताळल्यावरच त्यांना आंतरराष्ट्रीय म्हणता येते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचे उत्तर पेशींवरील ग्राहकांत (रिसेप्टरांत) आहे. अल्फा, बीटा आणि गॅमा या तिन्ही साखळ्या असलेला ग्राहक सुमारे १० पिकोमोलरला, म्हणजे दर मिलिलिटर ०.१५ नॅनोग्रॅमच्या आसपास, हे प्रथिन पकडतो. नुसत्या बीटा-गॅमा जोडीला त्याच्या सुमारे शंभरपट मात्रा लागते. नियामक टी-पेशींवर अल्फा साखळी भरपूर असते, तर बहुतेक नैसर्गिक मारक पेशी बीटा-गॅमावर विसंबतात. कमी मात्रेत प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी जाग्या होतात, जास्त मात्रेत मारणाऱ्याही. म्हणून दोन कुप्यांच्या कार्यक्षमतेत दसपट फरक असेल, तर तेवढ्याच नॅनोग्रॅममध्ये दोन प्रयोगशाळांना परस्परविरुद्ध निष्कर्ष मिळू शकतात, आणि दोघीही प्रामाणिक असतात. शोधनिबंधात केवळ नॅनोग्रॅम देऊन थांबणे मला म्हणूनच अपुरे वाटते. एकके आणि बॅच क्रमांकही यायलाच हवेत. शिवाय इतके विरळ प्रथिन प्लास्टिकला चिकटून आणखी घटते. त्यासाठी वाहक म्हणून अल्ब्युमिन घालतात आणि छोटे भाग करून गोठवतात, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावे लागत नाही.

उरतो जिवाणूचा वारसा, एंडोटॉक्सिन. रक्तातील मिश्र पेशींच्या कल्चरमध्ये मोनोसाइट असतात. टीएलआर-४ या ग्राहकामार्फत ते एंडोटॉक्सिनचा अत्यल्प अंशही ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ सोडतात. मग टी-पेशींत दिसलेला बदल कोणाच्या खाती टाकायचा? नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर आधारलेली एलएएल चाचणी एंडोटॉक्सिनचे प्रमाण सांगते, पण परिणामाचा धनी कोण हे प्रयोगातच ठरते. त्यासाठी एका भागात इंटरल्युकिन-२ निष्प्रभ करणारे प्रतिपिंड घालावे आणि दुसऱ्यात एंडोटॉक्सिनला बांधणारे पॉलिमिक्सिन-बी. प्रतिपिंड घालूनही परिणाम टिकला आणि पॉलिमिक्सिनने नाहीसा झाला, तर पेशींनी प्रतिसाद दिला तो जिवाणूच्या अवशेषाला.