माळढोक अभयारण्य व खासगी जमीन

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर व लगतच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या माळरानांवर माळढोक पक्ष्याच्या रक्षणार्थ १९७९ साली घोषित झालेले अभयारण्य. मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. किमी.; त्यापैकी बहुतांश जमीन रयतेच्या खात्यावरची, आणि खरी अडचण तीच. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी वनखात्याने राखलेल्या कुरणांत विणीस येई. परंतु नाकतोडे, भुंगेरे व धान्य टिपीत तो ज्वारी-करडईच्या शिवारांतही हिंडत असल्याने, बांध न जाणणाऱ्या या पाहुण्याचे भवितव्य सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराच्या मर्जीवरही अवलंबून राहिले. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांनी ती मर्जी खपा झाली, हे स्वाभाविकच होते; पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी. इतके घटविण्यात आले. मालकाने स्वेच्छेने आपली जमीन अधिवासार्थ राखावी, यास्तव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद झाली. मात्र माळ म्हणजे पडीक, ही महसुली समजूत कायद्याहून चिवट. काळवीट व लांडगे येथे अद्याप आढळतात. माळढोकाचे दर्शन दुर्मिळ झाले आहे.