मठाची पाकशाळा आणि मद्रासचे उपाहारगृह

बदलीचा हुकूम हाती पडून दक्षिणेत आलेल्या मराठी अधिकाऱ्यास पहिली चिंता बिऱ्हाडाची असते आणि दुसरी जेवणाची. त्यातून तो शाकाहारी असला, तर कुटुंब मागाहून येईपर्यंतचे दिवस कसे काढावेत, ही विवंचना त्याला गाडीतच ग्रासू लागते. मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, ती चार दिवसांत ओसरते. कोपऱ्यावरच्या उडुपी उपाहारगृहात केळीच्या पानावर आज कोहळ्याचे सांबार, तर उद्या सुरणाचे कूटु वाढले जाते; कोसंबरी पाहून घरची कोशिंबीर आठवते. मांसाविना, आणि पुष्कळदा कांद्याविनाही, एवढे वैचित्र्य आले कोठून? आमच्या मते त्याचे उत्तर समृद्धीत नसून निर्बंधांत आहे.

उडुपीच्या श्रीकृष्णाची पूजा मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापिली. ती आठ मठांकडे पाळीपाळीने जाते. ही पाळी पूर्वी दोन महिन्यांची होती, ती सोळाव्या शतकात वादिराजांनी दोन वर्षांची केली. ज्या मठाची पाळी, त्याच्याकडे आल्यागेल्या यात्रेकरूस जेवू घालण्याचा भार. कांदा-लसूण तेथे बारमास वर्ज्य. त्यावर चातुर्मासाची व्रते: पहिल्या महिन्यात भाजीपाला नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही आणि चौथ्यात डाळ नाही. डाळीविना सांबारासारखा पदार्थ साधायचा, आणि तोही मोठ्या पंगतीसाठी! अशा शाळेत घडलेला आचारी पुढे शहरात गेला, तेव्हा तुटपुंज्या सामग्रीत निभावून नेण्याची कला त्याच्या हातात मुरलेली होती.

पदार्थ मात्र मठाहून प्राचीन. दहाव्या शतकातील ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’चा उल्लेख येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या सुमारे ११३० मधील ‘मानसोल्लासा’त ‘इडरिका’ आणि ‘दोसक’ आहेत. पण ती इडरिका उडदाची, तीत तांदूळ नाही. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावरचे. सांबाराचे नाव मात्र संभाजीराजांवरून पडले, तंजावरच्या मराठी दरबारात आमसुले संपल्यामुळे ते चिंचेवर भागविले गेले, ही कथा आपणां मराठी जनांस फार प्रिय आहे. ती खुशाल सांगावी. इतिहास म्हणून सांगू नये.

दक्षिण कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मद्रास इलाख्यात होता. तेव्हा पोट भरण्यास निघालेल्या उडुपीच्या तरुणाला राजधानी मद्रासच. त्यांतलेच एक के. कृष्णराव. मठाच्या पाकशाळेत राबलेल्या या गृहस्थांनी १९३८ मध्ये रायपेट्टा भागातील ‘वुडलँड्स’ नावाचा बंगला भाड्याने घेतला आणि तेच नाव आपल्या हॉटेलास ठेवले. मुंबईत माटुंगा स्थानकाजवळ रामा नायकांचे बोर्डिंग निघाले ते १९४२ मध्ये. बंगळूरला मय्या बंधूंनी १९२४ मध्येच दुकान मांडले होते, तेच पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश पडला, तेथला तांदूळ थांबला आणि इडलीचा घाणाच अडला. तेव्हा मय्यांनी रव्याची इडली केली, असे त्या घराण्याचे सांगणे आहे. टंचाईने शिकविलेला हा पदार्थ आज भरल्या कोठारातही आवडीने खाल्ला जातो.

तथापि उपाहारगृह म्हणजे गावाहून उचलून आणलेला मठ नव्हे. मसाला डोशातली कांदा-बटाट्याची भाजी मठाच्या पाकशाळेच्या उंबऱ्यातही येती ना. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिभेपुढे आचाऱ्याने सोवळे सैल केले, ते असे.

पंक्तिभेदाचे सोवळे मात्र इतक्या सहजी सुटले नाही, आणि आमच्यासारख्या इडलीभक्तांनी हे विसरू नये. मठात ब्राह्मणांची पंगत निराळी; तोच रिवाज शहरात आला. वर सांगितलेल्या मय्यांच्या दुकानाचे मूळ नावच ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’. दक्षिणेतील रेल्वेच्या उपाहारगृहांतही ब्राह्मणांची बसण्याची जागा वेगळी असे. ती व्यवस्था १९४१ मध्ये पेरियार रामस्वामींच्या चळवळीनंतर गेली. घटनेच्या पंधराव्या कलमाने १९५० पासून सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली. कलम आपणां सरकारी नोकरांस पाठ असते. परंतु फलक कलम वाचत नाहीत. तिरुवल्लिकेणीतील एका उपाहारगृहाच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द जावा म्हणून पेरियारांच्या अनुयायांना १९५७ मध्ये कित्येक महिने दारात उभे राहावे लागले, अटकेत जावे लागले. अखेरीस मालकाने तो शब्द काढला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६२ साली, वुडलँड्सकारांनी कॅथीड्रल रस्त्यावरील बागेच्या जागेत नवे उपाहारगृह उघडले. तेथे गिऱ्हाईक मोटारीतच बसून राही आणि डोसा त्याच्याकडे चालत येई. सेहेचाळीस वर्षे चालून ते २००८ मध्ये बंद झाले; आता त्या जागी सेम्मोळी पूंगा हे सरकारी उद्यान आहे.