एलायजा हार्पर : मॅनिटोबाचे मूलनिवासी आमदार

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील आमदार एलायजा हार्पर (१९४९-२०१३) यांनी १९९० मध्ये विधानसभेत दिलेल्या एका नकाराने त्या देशाची घटनादुरुस्ती रोखली गेली.

हार्पर यांचा जन्म ३ मार्च १९४९ रोजी उत्तर मॅनिटोबातील रेड सकर लेक या वस्तीत, ओजी-क्री जमातीत झाला. मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून तोडणाऱ्या निवासी शाळांत त्यांचे शिक्षण झाले. १९७८ मध्ये ते आपल्या वस्तीचे प्रमुख झाले.

राजसत्तेशी करार केलेल्या जमातींच्या सदस्यांना कॅनडाच्या संसदीय निवडणुकीत बिनशर्त मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये. १९८१ मध्ये हार्पर न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे रुपर्ट्सलँड मतदारसंघातून विजयी झाले. मॅनिटोबा विधानसभेवर निवडून आलेले ते अशा जमातींतील पहिले सदस्य होत. १९८६ मध्ये त्यांनी जागा राखली व हॉवर्ड पॉली यांच्या मंत्रिमंडळात त्यांना मूलनिवासी व्यवहार खाते मिळाले. १९८८ मध्ये पक्षाची सत्ता गेली. ५७ पैकी अवघ्या १२ जागा मिळून तो तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. हार्पर मात्र पुन्हा निवडून आले.

क्वेबेकला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता देणारा मीच लेक करार १९८७ मध्ये झाला. त्याला सर्व दहा प्रांतांची संमती २३ जून १९९० पर्यंत आवश्यक होती. करार ठरवताना मूलनिवासींना विचारात घेतले गेले नव्हते. मॅनिटोबात नेहमीच्या पूर्वसूचनेविना ठराव चर्चेला घेण्यास सभागृहाची एकमताने अनुमती हवी होती. १२ जून रोजी हार्पर यांनी हाती गरुडाचे पीस धरून ती नाकारली आणि पुढील दिवसांतही नकार कायम ठेवला. मुदत टळली. न्यूफाउंडलंडमध्येही अंतिम मतदान झाले नाही व करार बारगळला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मतदारांनी त्यांना चौथ्यांदा विधानसभेत पाठविले. १९९२ मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. १९९३ मध्ये लिबरल पक्षातर्फे चर्चिल मतदारसंघातून ते संसदेत गेले. १९९७ मध्ये मात्र त्यांच्याच पूर्वीच्या पक्षाच्या बेव्ह डेजारले यांनी त्यांचा पराभव केला. २००० मध्येही हाच निकाल लागला.

१७ मे २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी मॅनिटोबाच्या विधान भवनात ठेवण्यात आले होते.