तीस खुर्च्या आणि एक 'इतर'

तुमच्या हॉटेलात एकोणतीस गिऱ्हाइकं बसत असतील, तर आत कुणालाही सिगारेट ओढता येत नाही. तिसावी खुर्ची टाकली की कायदा म्हणतो, हवी तर ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा करा. राहायच्या हॉटेलांना हाच हिशेब खोल्यांचा, तिथेही आकडा तीसच. विमानतळाला आकड्याची अटच नाही.

ही सवलत 2003 च्या केंद्रीय कायद्यातली. कायद्याचं नाव लांबलचक आहे, 'सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादने' असं सुरू होतं आणि संपता संपत नाही, म्हणून सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. नावातला तो 'इतर' लक्षात ठेवा. हाच शब्द याच कायद्याखालच्या एका नियमात पुन्हा आला आणि मुंबईतल्या एका भांडणाचा निकाल त्याच्यावर लागला.

पण आधी थोडं मागे जाऊ. दिल्लीनं 1996 मध्ये आणि गोव्यानं 1997 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध आपापले कायदे केले होते. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की चारचौघांत सिगारेट ओढणं हा न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे. देशभराची बंदी मात्र आली मुंबईकर माणसाच्या याचिकेतून. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001 ला न्यायालयानं आदेश दिला: सभागृहं, दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वेसह सगळी सार्वजनिक वाहनं, इथे धूम्रपान बंद.

त्या यादीत हॉटेल नव्हतं.

दोन वर्षांनी संसदेनं कायदा केला तेव्हा 'सार्वजनिक ठिकाण' या व्याख्येत रेस्टॉरंट आलं. पण त्याच कायद्यात, बंदीच्या कलमाला जोडूनच, तीस खुर्च्यांची पळवाटही आली. तीस या आकड्याचा आरोग्याशी काही संबंध नाही, धुराला खुर्च्या मोजता येत नाहीत. संबंध आहे तो ऐपतीशी. कोपऱ्यावरच्या छोट्या उडप्यानं वेगळी जागा कुठून काढायची? त्याचं गिऱ्हाईक चहा संपवून फुटपाथवरच्या टपरीपाशी जातं, कारण उघडी जागा मुळात व्याख्येतूनच वगळलेली होती.

कायदा झाला तरी हॉटेलांत धूर होताच. खरी अंमलबजावणी 2 ऑक्टोबर 2008 पासून, गांधीजयंतीला, नव्या नियमांसह सुरू झाली. सिगारेट कंपन्या आणि हॉटेलवाले त्याआधी न्यायालयात गेले होते, पण सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली नाही. या नियमांनी पब, बार, कँटीन, मॉल, कामाची ठिकाणं अशी सगळी नावं घातली. उघड्या जागेतूनही रेल्वे स्टेशन, बसस्टॉप आणि स्टेडियम बाहेर काढले. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

आणि या नियमांनी त्या वेगळ्या जागेचा नकाशाही आखून दिला. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती. आपोआप मिटणारं दार. आतली हवा थेट इमारतीबाहेर फेकणारी यंत्रणा, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तर बाहेरची हवा आत ओढली जावी, धूर बाहेर येऊ नये. ही खोली हॉटेलच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको. काम करणाऱ्यानं नीट विचार करून लिहिलेले नियम आहेत हे.

फक्त एक गोष्ट बघा. ही सगळी योजना बाहेर बसलेल्यांना वाचवते. आतले तर स्वतःच्या मर्जीनं आलेले. मग प्रश्न उरतो तो मर्जी नसताना आत जाणाऱ्या एकाच माणसाचा: हातात ट्रे घेतलेल्या वेटरचा.

दुसऱ्याच्या धुरानं काय होतं हे तोवर जगाला माहीत होऊन बराच काळ लोटला होता. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या सुमारे एक्याण्णव हजार बायकांच्या नोंदी चौदा वर्षं ठेवल्या. नवरा जितक्या जास्त सिगारेटी ओढणारा, तितका बायकोला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त, हे त्यांनी 1981 मध्ये मांडलं. त्या बायकोच्या जागी आठ-दहा तासांची पाळी करणारा वेटर ठेवून बघा. गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं, हा उठून जाऊ शकत नाही.

2008 च्या नियमांत त्याच्यासाठी एक ओळ होती, असं निदान मला वाटतं. धूम्रपानाची जागा फक्त धूम्रपानासाठी वापरायची, तिथे 'इतर कोणतीही सेवा' द्यायची नाही. म्हणजे जेवण नाही, दारू नाही, म्हणजेच ट्रेही नाही.

ज्यानं हे लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर सिगारेट असावी. सिगारेटला सेवा लागत नाही. पाकीट खिशात, लायटर खिशात, माणूस आत जातो, ओढतो, बाहेर येतो. पण त्याच सुमारास मुंबईत हुक्का पार्लरं वाढत होती, आणि हुक्क्याचं तसं नाही. कुणीतरी चिलीम भरावी लागते, पाणी बदलावं लागतं, निखारे पेटवून आणावे लागतात, विझत आले की नवे ठेवावे लागतात. हुक्का ही चीजच सेवेची आहे.

मुंबई महापालिकेनं 2011 मध्ये उपाहारगृहांच्या परवान्यात नव्या अटी घातल्या. त्यांचा अर्थ असा की परवाना हवा असेल तर हुक्का देता येणार नाही. पार्लरवाले उच्च न्यायालयात गेले आणि हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 8 डिसेंबर 2014 ला जिंकले.

निकालाचा गाभा सोपा होता. कोटपानुसार धूम्रपान म्हणजे कोणत्याही रूपातला तंबाखू, कोणत्याही साधनानं ओढणं. हुक्का हे साधनच. तीस खुर्च्यांच्या हॉटेलला धूम्रपानाची जागा करायला संसदेनं मुभा दिली असेल, तर पालिका परवान्याच्या अटीतून ती काढून घेऊ शकत नाही. आणि सेवा नको म्हणाल, तर नियमात 'इतर' सेवा असं आहे: धूम्रपान सोडून इतर. हुक्का आणून देणं हा धूम्रपानाचाच भाग.

कायद्याचा विचार केला तर मला हा निकाल बरोबर वाटतो. उद्या पालिकेच्या एखाद्या खात्यानं परवान्यातून मनाला येईल ते कायदे करायला घेतले, तर आपल्यालाच ते नको असेल. पण भांडण व्यवसायाच्या हक्काचं आणि पालिकेच्या अधिकाराचं झालं. त्या बंद खोलीत दिवसभर निखारे फुंकणारा पोरगा दोन्ही बाजूंना केंद्रस्थानी नव्हता. उलट व्यवहारात झालं असं की जी ओळ त्याला खोलीबाहेर ठेवू शकली असती, तिच्याच एका शब्दानं त्याला आत पाठवलं.

मे 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नियम बदलला. 'इतर' गेला. आता धूम्रपानाच्या जागेत 'कोणतीही सेवा' नाही. दारावर फलक लावायचा, अठरा वर्षांखालच्यांना आत सोडायचं नाही.

त्याच वर्षी 28 डिसेंबरच्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, लोअर परळच्या कमला मिल्समध्ये आग लागली. गच्चीवरची दोन रेस्टॉरंट जळाली. चौदा जण गेले, त्यातले बरेचसे तिशीच्या आतबाहेरचे, आणि बहुतेक धुरानं गुदमरून, स्वच्छतागृहात आसरा घेतलेले. आग हुक्क्याच्या निखाऱ्यांतून भडकली, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत म्हटलं होतं. ही काही चार भिंतींची, आपोआप मिटणाऱ्या दाराची खोली नव्हती. वर बांबू आणि ताडपत्र्या होत्या. सात महिन्यांपूर्वी बदललेला नियम कागदावर होता आणि निखारे गच्चीवर होते.

त्यानंतर वाद फार चालला नाही. गुजरातनं 2017 मध्ये हुक्का बारवर बंदी घातली होती, महाराष्ट्रानं 2018 मध्ये कोटपात राज्यापुरती दुरुस्ती करून तेच केलं. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. 2014 मध्ये पालिकेला जे जमलं नव्हतं ते विधिमंडळानं केलं, आणि न्यायालयानं नेमका तोच रस्ता मोकळा ठेवला होता: करायचं तर कायदा करा.

इथे एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचं तर. ज्या प्रश्नापासून सुरुवात झाली तो तसाच राहिला. हुक्का गेला, पण तीस खुर्च्यांची सवलत सिगारेटसाठी जागेवर आहे. ती काढून टाका, असा प्रस्ताव केंद्राच्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात होता. दंड दोनशेचा दोन हजार करायचंही त्यात होतं. 2021 च्या जानेवारीत लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. ऐन कोविडमध्ये, अर्धी हॉटेलं बंद असताना, व्यवसायाची बाजू काय असणार हे सांगायला नको. मसुदा मसुदाच राहिला.

त्यामुळे आजही नियमाप्रमाणे चालणाऱ्या मोठ्या हॉटेलात दृश्य असं असतं: गिऱ्हाईक टेबलावरून उठतं आणि काचेच्या दाराआड जातं. वेटर दाराबाहेर थांबतो. नियमाप्रमाणे न चालणाऱ्या हॉटेलात तो ट्रे घेऊन दार खांद्यानं ढकलतो.