भांडे कशाचे, डाग कसला? स्वयंपाकघरातील घरगुती स्वच्छतेची सूत्रे

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराघरांतील माळ्यावरची भांडी खाली उतरतात. घंगाळ, समया, तांब्याचा हंडा, पितळी डबे यांना चिंच लागते आणि त्याच ओघात गॅसची शेगडी, सिंक व नळ यांचीही पाळी येते. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, मीठ, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हे जिन्नस बहुतेक घरांत असतातच. ते नीट वापरले, तर बाजारातील महागड्या द्रावणांची गरज क्वचितच भासते. मात्र ‘घरगुती म्हणजे निरुपद्रवी’ असे समीकरण मांडणे धोक्याचे ठरते. ज्या आंबटाने पितळ उजळते, त्याच आंबटाने कडप्प्याचा ओटा कायमचा पांढुरका पडतो. ज्या सोड्याने स्टीलचे पातेले लख्ख होते, त्याच सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडते. म्हणूनच भांडे कशाचे आणि डाग कसला, हे दोन प्रश्न घासणी हातात घेण्यापूर्वी विचारावेत.

आंबट आणि खार

स्वयंपाकघरातील डागांची ढोबळमानाने दोन गटांत विभागणी करता येते. पाण्यातील क्षारांचे पांढरे थर आणि धातूवर चढलेला काळपटपणा आम्लाने निघतो. लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, ताकात लॅक्टिक, तर व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते. तेल, तूप व करपलेले अन्न मात्र आम्लाला दाद देत नाही. त्यासाठी खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा लागतो. पूर्वी चुलीतील राखेने भांडी घासली जात, त्यामागेही हेच कारण होते. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा सोडवते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर उसळणारा फेस पाहून दुहेरी परिणाम होत असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो फेस कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. फेस ओसरेपर्यंत दोन्ही पदार्थांनी एकमेकांचा जोर संपवलेला असतो. आधी सोड्याने तेलकटपणा काढावा, भांडे धुवावे आणि त्यानंतर गरज असल्यास आंबट लावावे.

तांबे आणि पितळ

तांब्या-पितळेवरील काळपटपणा म्हणजे मुख्यत्वे तांब्याच्या ऑक्साइडचा थर. भिजवलेली चिंच किंवा आमसुले आणि थोडे मीठ यांनी दोन-तीन मिनिटे चोळल्यास हा थर विरघळतो. सरबतानंतर उरलेल्या लिंबाच्या सालींवर मीठ घेऊनही हेच काम होते. त्यानंतर भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसावे. ओले राहिल्यास त्यावर पुन्हा डाग पडतात.

येथे आरोग्याचा प्रश्नही गुंतलेला आहे. चिंच भांड्यावरील तांबे विरघळवते, तसेच आंबट पदार्थ भांड्यातील तांबे अन्नात उतरवतात. ताक, कढी, सार बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवले की ‘कळकते’, ते यामुळेच. अशा अन्नाने मळमळ व उलट्या होऊ शकतात. त्यापासून संरक्षण देणारी कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे तापत ठेवू नये. त्याची आतली बाजू तारेच्या घासणीने खरवडू नये. आतून तांबूस-पिवळा धातू दिसू लागल्यास पुन्हा कल्हई करून घ्यावी आणि तोवर त्यात आंबट काही शिजवू नये.

ॲल्युमिनियमचा कुकर

कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड अथवा चिंचेचे बोटूक टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिला शास्त्रीय आधार आहे. किंचित अल्कधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम काळे पडते आणि आम्लामुळे ते टळते. कुकर आधीच काळवंडला असल्यास तेवढ्या उंचीपर्यंत पाणी भरून, लिंबाच्या साली घालून, झाकण न लावता दहा-पंधरा मिनिटे उकळावे. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा कधीही लावू नये. तो धातूवरील संरक्षक थर खातो. चिमणीची जाळी भिजवण्यापूर्वीही ती स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची, हे तपासावे.

स्टील, बीड आणि नॉनस्टिक

दूध लागलेल्या किंवा भाजी करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी व दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे आणि ते तसेच निवू द्यावे. खरपुडी सुटली की लाकडी उलथन्याने ती अलगद काढावी. अति तापल्याने स्टीलवर आलेली निळसर-पिवळसर झाक व्हिनेगरच्या बोळ्याने जाते. स्टीलचे गंजापासून रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. मीठ व ब्लीच यांतील क्लोराइडमुळे या थराला बारीक छिद्रे पडतात. त्यामुळे खारट पाणी स्टीलमध्ये साठवून ठेवू नये आणि सिंकमध्ये ब्लीच साचू देऊ नये.

बिडाच्या तव्याला आंबट वर्ज्य समजावे. गंज चढलाच तर जाडे मीठ व अर्ध्या कापलेल्या बटाट्याने घासावे, लगेच धुवावे, मंद आचेवर पूर्ण वाळवावे आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. तापलेल्या तेलाचा हा थरच पोळी-भाकरी चिकटू देत नाही. नॉनस्टिक भांड्याला मात्र मीठ, राख, काथ्या यांपैकी काहीही नको. कोमट साबणपाणी व मऊ स्पंज पुरेसा आहे.

नळ, ओटा आणि सिंक

बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येणाऱ्या इमारतींत नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे जमतात. ती प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटची असतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे, जुन्या टूथब्रशने घासावे व धुऊन पुसावे. रात्रभर ठेवल्यास क्रोमचा मुलामा खराब होऊ शकतो. फडक्याचे थेंब ओट्यावर पडणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड असल्याने लिंबू व व्हिनेगर त्यांना खाते. ग्रॅनाइट त्या मानाने सोशिक आहे.

सिंकमधून पाणी सावकाश जात असल्यास धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतावा. पाइप पीव्हीसीचा असल्यास पाणी उकळते नसावे. खरकटे अडकून तुंबलेला सिंक मात्र पंपाने किंवा खालचा बाक उघडूनच मोकळा करावा लागतो.

भांड्यांची बुडे वारंवार काळी होत असतील, तर दोष बर्नरचा असू शकतो. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसत असल्यास छिद्रे बुजलेली असण्याची शक्यता असते. गॅस रेग्युलेटरपाशी बंद करून, बर्नर थंड झाल्यावर काढावा. पितळी बर्नर चिंचेच्या पाण्यात भिजवून घासावा, छिद्रे सुईने मोकळी करावीत आणि तो पूर्ण वाळल्यावरच बसवावा.

हे कदापि करू नये

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यासही घातक वायू निघतात. लहान, बंद स्वयंपाकघरात याचा त्रास क्षणार्धात सुरू होतो. डोळे चुरचुरू लागल्यास किंवा खोकल्याची उबळ आल्यास काम तेथेच सोडून मोकळ्या हवेत जावे आणि श्वास घेण्यास त्रास होत राहिल्यास तातडीने डॉक्टरांना गाठावे. कोणतेही द्रावण शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. घरातील लहान मुले तहानेच्या भरात ती तोंडाला लावू शकतात.

नवा उपाय करण्यापूर्वी भांड्याच्या बुडाशी किंवा ओट्याच्या कोपऱ्यात थोड्या जागेवर तो करून पाहावा. पाच मिनिटांत रंग बदलला नाही, तरच पुढे जावे.