इतर ख्रिस्ती बांधवांसमवेत प्रार्थना : आपल्या श्रद्धेस लाभणारे बळ

प्रभू येशूने आपल्या दुःखसहनाच्या आदल्या रात्री, आपल्या अनुयायांनी एक व्हावे, अशी पित्याजवळ प्रार्थना केली (योहान 17:21). ही प्रार्थना घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी विशेष जाणवते. जेथे ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच असतात, तेथे विवाह, अंत्यविधी वा नाताळ यानिमित्ताने कॅथलिक व प्रोटेस्टंट शेजारी एकत्र येतातच. अशा वेळी आपण केवळ पाहुणे म्हणून बसावे की मनःपूर्वक प्रार्थना करावी, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

यवतमाळ जिल्हा 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. याच जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रोटेस्टंट धर्मशिक्षणसंस्था 1953 पासून 1983 साली पुण्यास जाईपर्यंत यवतमाळ येथेच होती. म्हणजे या मातीत दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी नांदल्या आहेत.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. हृदयपरिवर्तन, जीवनाचे पावित्र्य आणि ऐक्यासाठी केलेली प्रार्थना हा या चळवळीचा आत्मा होय, असे परिषद मानते. 1993 च्या मार्गदर्शिकेनुसार, इतर मंडळ्यांच्या उपासनेस उपस्थित कॅथलिकांनी स्तोत्रे, प्रतिसाद व गीते यांत सहभागी व्हावे, यास उत्तेजन आहे. तथापि, त्यामुळे रविवारच्या मिस्साचे कर्तव्य टळत नाही, आणि पवित्र कम्युनिअनबाबत ख्रिस्तसभेचे नियम पाळणे आवश्यक आहे.

आपणांस काय लाभते?

प्रोटेस्टंट बांधवांच्या उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन व त्यावरील प्रवचन यांना मोठे स्थान असते. सामान्य श्रद्धावंतही स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करतो. ते ऐकून आल्यावर, मिस्सातील वाचने आपण किती लक्षपूर्वक ऐकतो, असा प्रश्न आपण स्वतःस विचारू लागतो. दुसरीकडे, एकत्र गाऊनही एका वेदीभोवती एकत्र जेवता येत नाही, ही वेदना मनास सलते. त्या वेदनेतूनच ख्रिस्तप्रसादाचे मोल आपणांस नव्याने कळते.

मराठी भक्तिपरंपरा हा तर आपला सामाईक ठेवा आहे. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 साली छापले गेले. प्रोटेस्टंट परंपरेतील रेव्ह. नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी ख्रिस्तायन आरंभिले व लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. प्रभूचे चरित्र मराठी छंदांत गाण्याची ओढ दोघांनाही सारखीच होती.

एक पाऊल पुढे

दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. त्या दिवसांत आपल्या धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाने शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबासह एक स्तोत्र म्हणावे, एक अध्याय वाचावा. जो दुसऱ्याच्या प्रार्थनेचा आदर करितो, तो आपल्या प्रार्थनेस अधिक खोलवर जाणतो. ऐक्य हे पवित्र आत्म्याचे दान आहे. ते स्वीकारण्यास आपली अंतःकरणे सिद्ध होवोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.