दोनशे रुपयांची हमी

२०२१ साल आठवतंय? २९ मे रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. चिप्सचा तुटवडा पडला आणि नव्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबावं लागायला लागलं. आयटीत मात्र चित्र उलटं होतं. एक ऑफर लेटर खिशात ठेवून लोक दुसरी शोधत होते. आपल्या लेखी अर्थव्यवस्था सावरली होती.

आता हे आकडे बघा. मनरेगावर देशभरात २०१९-२० मध्ये साधारण २६५ कोटी मनुष्यदिवस काम झालं. लॉकडाऊनच्या वर्षात ते ३८९ कोटींवर गेलं. पुढच्या, म्हणजे आपल्या पगारवाढीच्या वर्षातही ते ३६३ कोटी होतं. म्हणजे आपण सावरलो, पण कुदळ हातात घेतलेले बरेच जण तिथेच राहिले.

या हमीचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि ती रुजली तेलाच्या एका जुन्या भडक्यात.

झालं असं, की १९७२ च्या दुष्काळाने राज्याचं कंबरडं मोडलं. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडा, रस्ते करा, तलाव खणा. तेवढ्यात ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेलं. पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, ते याच काळात. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, रॉकेल, सगळ्याचीच मारामार. मे १९७४ मध्ये रेल्वेचा वीस दिवसांचा संप. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांवर.

या संकटाला दोन उत्तरं मिळाली. एक समुद्रात. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबई हायमध्ये तेल लागलं आणि १९७६ पासून ते यायला लागलं. ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. दुसरं उत्तर जमिनीवरचं, आणि ते आपल्याला फारसं कुणी शिकवलं नाही.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामाचा हक्क कायद्यात! पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने द्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. तुमच्या पगारपत्रकात ‘पीटी’ म्हणून दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातात ना, ते हेच. आपण ते कधी वाचतही नाही.

आता भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला या. हे कोशाच्या कापडाचं गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे कोष, त्यांचा सोनेरी टसर धागा, हातमाग, आणि विदर्भाची ती करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी. केंद्राने २००५ मध्ये महाराष्ट्राचीच कल्पना उचलून देशभरासाठी कायदा केला, तेव्हा फेब्रुवारी २००६ च्या पहिल्या २०० जिल्ह्यांत भंडारा होता. म्हणजे आंधळगावच्या विणकरालाही हमी मिळाली. पण कसली? अकुशल अंगमेहनतीची. तलावातला गाळ काढ, बांध घाल. माग चालवणं हे ‘कुशल’ काम, ते हमीत बसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला, त्यातही हमी अकुशल श्रमाचीच.

मंदी आली की साडी ही सगळ्यात आधी रद्द होणारी खरेदी, आणि तेजीत सगळ्यात शेवटी आठवणारी. वाहतूक महागली की धागा महाग. मधल्या काळात विणकराने घर चालवायचं कसं? कुदळ धरून. कुदळीने घट्टे पडलेला हात तलम धाग्यावर अडकणारच. दोनचार वर्षं हेच चाललं, तर मागावर परत बसणार कोण? योजना माणसाला उपाशी राहू देत नाही, हे तिचं मोठेपण आहेच. पण त्याच्या हातातली कला टिकवायची सोय तिच्यात नाही. पागेंच्या काळात प्रश्न भुकेचा होता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दोष द्यायचाच तर आपल्याकडे बघावं लागेल. राज्यघटनेने व्यवसाय कराला मर्यादा घातली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २५०० झाली. त्यानंतर पेट्रोल कुठे गेलं, आपले पगार कुठे गेले, आणि ही मर्यादा? जिथल्या तिथे. वर्षाला २५०० रुपये, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचं एका शनिवारचं दोघांचं जेवण. ही मर्यादा वाढली तर माझाही पगार थोडा कमी हातात येईल. येऊ दे. फक्त त्यातला काही पैसा कुदळीऐवजी मागावरच्या दिवसाची मजुरी म्हणून जायला हवा.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडू, पण आधी एकदा पगारपत्रक उघडून ती ओळ वाचा.